नको नको, पुष्कळ झालं

आता तुमच्यापासून काय लपवू? माझी जर्मनी हातची गेली ती जेवणाच्या टेबलावर, आणि तीही माझ्याच सभ्यपणापायी. हसू नका. मला अजून वाईट वाटतं.

आयटीत तेव्हा नुकते बरे दिवस आले होते. आमचं काम एका जर्मन कंपनीसाठी चालायचं. तिथले म्युलरसाहेब पुण्यात आले, ऑनसाइटला, म्हणजे तिकडे त्यांच्या ऑफिसात कामाला, स्टुटगार्टला कुणाला न्यायचं ते ठरवायला. मला जायचं होतं हो, अगदी मनापासून! सासरी, माहेरी, सोसायटीत, सगळीकडे सांगून बसले होते.

साहेबांनी मला आणि आमच्या टीममधल्या अमरावतीच्या वानखडेला कोरेगाव पार्कातल्या जर्मन हॉटेलात जेवायला नेलं. लाकडी बाकं, भिंतीवर हरणाची शिंगं. मी शाकाहारी, म्हणून माझ्यापुढे उकडलेले बटाट्याचे गोळे आणि आंबट कोबी. गोळा मात्र फर्मास होता!

"आणखी घेणार?" साहेबांनी विचारलं.

"नको नको, पुष्कळ झालं."

आपल्याकडे याचा अर्थ काय होतो? आग्रह करा! पहिल्याच फटक्यात 'वाढा' म्हणणारी बाई हावरट दिसते, हे आईनं बजावून ठेवलेलं. साहेबांनी मान डोलावली आणि भांडं सरळ वानखडेपुढे सरकवलं.

"घेतो ना साहेब!" म्हणत त्यानं भांडं रिकामं केलं.

मग सफरचंदाचा गरमागरम गोड पदार्थ आला. "घेणार?" "छे हो, कशाला!" माझी बशीच उचलली गेली. मी अर्धपोटी, पण चेहरा तृप्त.

आणि मग साहेबांनी काटा खाली ठेवून विचारलं, "स्टुटगार्टला याल?"

हाच तो प्रश्न! आणि तोंडातून काय निघावं? "अहो, मी कशाला? माझ्यापेक्षा चांगली माणसं आहेत की!"

आता म्हणतील, 'छे छे, तुम्हीच!' मी मान खाली घालून वाट बघत राहिले.

"समजलं," साहेब म्हणाले आणि वानखडेकडे वळले. "तुम्ही?"

"जातो ना साहेब!" तोंडातला घाससुद्धा गिळला नाही मेल्यानं.

परतताना रिक्षात मला रडू आवरेना. वानखडे बिचारा घाबरला. "मॅडम, जायचं होतं तं बोलायचं ना!"

"बोलायचं कसं? त्यांनी पुन्हा विचारायला नको?"

दुसऱ्या दिवशी सगळी लाज गुंडाळून मी साहेबांना गाठलं. आमच्याकडे नकार कसा देतात, आग्रह कसा करतात, सगळं नीट समजावून सांगितलं. ते अत्यंत गंभीरपणे ऐकत होते.

"म्हणजे तुम्ही 'नाही' म्हणता, तेव्हा ते 'हो' असतं?"

"अगदी बरोबर, साहेब!" मला वाटलं, जमलं!

साहेब हळूच म्हणाले, "मॅडम, काम शुक्रवारी पूर्ण होईल का, असं मी विचारलं होतं. तुम्ही 'हो' म्हणालात. ते काय होतं?"

ते काम शुक्रवारीच काय, पुढच्या महिन्यातही होणार नव्हतं.