नेमेसिओचं बोट

आमच्या कोचाबाम्बा शहरातल्या रिमोटच्या गाड्यांच्या क्लबात मोटरीचा निकाल माझा धाकटा भाऊ नेमेसिओ द्यायचा. मिक्सरच्या न् पंपाच्या मोटरी वाइंड करण्यात त्याचा जन्म गेलेला. दर रविवारी शर्यतीआधी प्रत्येक गाडी तीन फेऱ्या मारून त्याच्यापुढे यायची. तो मोटरीवर बोट टेकवून मोठ्याने आकडे मोजायचा. पाचापर्यंत बोट टिकलं तर पास, त्याआधी चटका बसला तर परत. “चाकाला मिळत नाही तेवढा करंट मोटर स्वतःच गिळते आणि तापते. दातेरी चाक लहान बसव, कमी ओढेल,” एवढं बोलून तो पुढची गाडी मागायचा. वीस वर्षं कुणी हुज्जत घातली नाही.

मग माझा मुलगा गोंसालो करंट मोजायचं मीटर घेऊन आला. “मामा, बोटाचे दिवस गेले.”

“तुझ्या मीटरला सेल लागतो, लेका. माझ्या बोटाला नाही लागत.”

सगळे खो खो हसले. गोंसालोचं तोंड एवढंसं झालं आणि मला ते फार झोंबलं. शेवटी ठरलं, तीन मोटरी तपासायच्या. तिन्हींत बोट मीटरशी जुळलं तर निकालाची खुर्ची मामाची, एकदाही चुकलं तर भाच्याची.

खरं तर त्या बोटात जीवच उरला नव्हता. साखरेच्या आजारानं सगळी बोटं बधिर झालेली. त्याची बायको फेलिसा गाडी हातात देताना आधी स्वतः मोटर चाचपायची. गार असली तर “घ्या” म्हणायची, तापली असली तर “धरा”. हे तिनं मला रडत रडत, शपथ घालून सांगितलं होतं. मी ते घरी गोंसालोला सांगून टाकलं.

रविवारी पहिल्या दोन मोटरी जुळल्या. तिसऱ्या गाडीला गोंसालोनं मोठं दातेरी चाक लावलं आणि ती भिंतीला रेटून चालवली. मीटरचा काटा टोकाला गेला. मी मैदानाकडेच्या माझ्या साल्तेन्याच्या, म्हणजे मांसाचं सारण भरलेल्या करंज्यांच्या टपरीवरून हाक मारली, “फेलिसा, चटणी संपली गं. घरून आणतेस?”

ती घुटमळली.

“जा, मी आहे ना त्याच्यापाशी,” मी म्हटलं.

ती गेल्यावर मीच गाडी उचलून त्याच्यापुढे नेली. “घे.”

त्यानं बोट टेकवलं. “एक, दोन, तीन...” पाच झाले, सहा झाले. लोक पुढे सरकले. सातला त्यानं नाक फेंदारलं. “तारेवरचं वार्निश जळतंय. नापास!” बोट मात्र तिथंच होतं.

“वार्निश नाही, मामा,” गोंसालो म्हणाला. “तुमचं बोट आहे.”

“भाजलं की अजून कच्चं आहे?” मागून कुणीतरी ओरडलं आणि हशा पिकला. नेमेसिओ बोट उचलून बघत राहिला. गोंसालोनं त्याला दंडाला धरून उठवलं आणि खुर्ची आपल्याकडे ओढली.

फेलिसा चटणीचा वाडगा घेऊन आली तेव्हा गर्दीत तीच चर्चा चालू होती. नवऱ्याचं बोट पाण्यात बुडवताना तिनं विचारलं, “किती वेळ होतं हो मोटरीवर?”

“नऊ आकडे,” मी म्हटलं.

तिनं मान वर केली.

“वन्सं, ते सातला मोजायचे थांबले म्हणतात सगळे. पुढचे दोन तुम्ही मोजलेत?”