बोलावणं नसलेली ईद

सांगलीहून निघताना शमीमने मला दोन गोष्टी बजावल्या. एक, पोटभर खायचं. दोन, अम्मी रडली तर ते मला सांगायचं नाही.

शमीम माझी शेजारीण. तिचं माहेर मुळशी तालुक्यातलं, नांदे गावचं. ईदेच्या दिवशी सासरची चूल सोडून तिला माहेरी जाता येत नाही, आणि गेल्या ईदेला तिची अम्मी, म्हणजे बानूचाची, फोनवर ढसाढसा रडली होती. शिरखुर्म्याची देग (तांब्याचं मोठं भांडं) निम्मी उरली म्हणून. पूर्वी त्या घरी ईदेला अख्खा गाव लोटायचा. आता कोणी जमीन विकून शहरात गेलं, कोणी पोरांकडे राहायला गेलं, आणि शेतांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. "तू आता रिटायर झालीस, रिकामी आहेस, आणि खाणारी आहेस," शमीम म्हणाली. "माझ्याऐवजी तू जा. तेवढंच एक तोंड वाढेल." अशी कामगिरी कोण सोडतंय!

मी तीस वर्षं बस डेपोत चौकशीच्या खिडकीत काढली. दिवस चुकणं, गाडी चुकणं हे इतरांचं काम, माझं नाही. कॅलेंडरात लाल अक्षरात ईद बघितली आणि आदल्या दिवशीचं तिकीट काढलं. शमीम म्हणाली, "अगं, चांद तर दिसू दे." मी म्हटलं, "छापलेलं आहे की!" पुण्यात भाचीकडे मुक्काम केला. चार्जर घरी विसरले होते आणि भाचीचा माझ्या फोनला बसेना. त्यामुळे सकाळी कोथरूडहून पिरंगुटची बस धरली तेव्हा फोन पिशवीत मरून पडला होता.

चांदणी चौक मागे पडला की हवा जरा बदलते, निदान मला तरी तसं वाटलं. भूगाव, भुकूम, उजवी-डावीकडे मंगल कार्यालयांच्या कमानी आणि त्यांच्यामागे उन्हाने पिवळ्या पडलेल्या टेकड्या. पिरंगुटला उतरले तेव्हा कंपन्यांची पहिली पाळी भरत होती. मी आधी मिसळ खाल्ली. जादा पाव घेतला. मग मिसळवाल्याच्या फोनवरून शमीमच्या धाकट्या भावाला, सलीमला, फोन लावला. नंबर वहीत लिहिलेला होता, जुनी सवय.

"सलीम, ईद मुबारक! मी पिरंगुटला पोचले."

तो म्हणाला, "ताई, आज कशी ईद? काल चांद न्हाई दिसला. आज तिसावा रोजा हाय. उद्या ईद. मी कंपनीत हाय, थांबा तितंच, आलो."

हात्तिच्या! तीस वर्षं लोकांना वेळा सांगितल्या आणि स्वतः एक दिवस आधी येऊन उभी. सलीम मिसळवाल्याकडे आला तो हसतच. मी ओठावरची तर्री पुसत होते आणि त्या बिचाऱ्याच्या घशाखाली पहाटेपासून पाण्याचा थेंब नव्हता. त्याने मला रिक्षात बसवून दिलं.

नांदे म्हणजे एका रस्त्याच्या दोन बाजू. एकीकडे गव्हाचं कापलेलं रान, मेंढ्या चरताहेत, मागे मुळेच्या काठची झाडी. दुसरीकडे बारा-बारा मजले, बाल्कन्यांत वाळत घातलेले कपडे, गेटवर पहारेकरी. चाचींचं कौलारू घर बरोबर अशा एका इमारतीच्या समोर. मधे फक्त रस्ता.

बानूचाची ऐंशीच्या आसपास, पण काटक. मला बघून त्यांनी कपाळावर हात मारला आणि कडाकडा बोटं मोडली. "सुमन न्हवं तू? शमीमनं सांगितलं व्हतं ईदेला येशील म्हणून. ये, च्या घे."

"छे! तुम्ही सगळे उपाशी, मी कसा घेऊ? मीही आज रोजा धरणार."

"व्हटाला लाल तेल लागलंय, आन् रोजा धरतीया!" चाची हसून हसून भिंतीला टेकल्या. "अगं, तू मुसाफिर. मुसाफिराला रोजा माफ असतोय."

मी हट्टाने दुपारपर्यंत धरला. एप्रिलचं ऊन वैऱ्यासारखं होतं. दोनच्या सुमारास सलीमची बायको परवीन स्वयंपाकघरात भाकरी, पिठलं आणि मिरचीचा ठेचा ठेवून गेली. मी दाराआड बसून खाल्लं. लाज वाटली, पण भाकरी फार चांगली होती.

तिसऱ्या प्रहरी परवीनबरोबर खारका चिरत होते, तेवढ्यात सलीम घरी आला आणि वादाला तोंड फुटलं.

"अम्मी, यंदा देग नको. पातेलं बास झालं."

"देगच चढंल."

"कोण खाणार? गेल्या साली शेजारच्या कोंडिबाआबाच्या म्हशीला घातला शिरखुर्मा. म्हशीची ईद झाली!"

चाचींनी खारकांचं ताट आपल्या पुढ्यात ओढून घेतलं. मी मधे तोंड घातलं, "सलीम, समोर एवढी घरं आहेत. त्यांना बोलावलंत का कधी?"

उत्तर चाचींनी दिलं. "ईदेला बोलावणं धाडत न्हाईत, बाई. लगनाला धाडत्यात. ईदेला दार उघडं असतंय, ज्येला यायचं त्यो येतुया. बोलावून आला त्यो पाव्हणा झाला. शेजारी कसला त्यो?"

सलीमने माझ्याकडे बघून हात झाडले. चारोळी कमी पडत होती. मी म्हटलं, मी आणते, तेवढेच पाय मोकळे होतील.

किराणा दुकान समोरच्या इमारतीच्या तळमजल्यावर. बाहेर बाकावर एक चाळिशीची बाई भाजीची पिशवी घेऊन बसली होती. वैशाली, मूळची लातूरची, नवरा हिंजवडीत नोकरीला. प्रवासात माझी ओळख व्हायला दोन मिनिटं पुरतात. मी समोरच्या घरी उतरलेय म्हटल्यावर ती सरसावून बसली.

"चार वर्षं झाली आम्हाला इथं. दरवर्षी ईदेला तुपाचा वास बाल्कनीत येतो. पोरं म्हणतात, आई, जाऊ या. पण न बोलावता कसं जायचं? त्यांना आवडलं नाही तर?"

"आणि तुम्ही दिवाळीचा फराळ दिलात त्यांना?"

"ताट भरलं होतं हो. मग वाटलं, आपली धड ओळख नाही, घेतील का? परत डब्यात ओतलं."

मला हसू आवरेना. रस्ता पंधरा पावलांचा, आणि दोन्हीकडची माणसं चार वर्षं आपापल्या उंबऱ्यावर उभी! परवीनकडून कळलेली वेळ मी सांगून टाकली, "उद्या सकाळी नमाज झाली की साडेनऊपासून दार उघडं असतं. दुपारी एकपर्यंत."

तिने डोळे मोठे केले. "म्हणजे तुम्ही आम्हाला बोलावताय?"

आता आली का पंचाईत! हो म्हटलं तर चाचींचा नियम मोडला. "नाही बाई," मी म्हटलं. "मी कोण बोलावणार? मी आयुष्यभर खिडकीतून फक्त वेळ सांगितली. गाडीत बसायचं की नाही ते ज्याचं त्याने ठरवायचं."

चारोळी घेऊन परतले आणि घरात चकार शब्द काढला नाही. वर सलीमला सांगितलं, "देगच चढव. जबाबदारी माझी." हे मी कशाच्या जोरावर बोलले ते देवाला ठाऊक. सूर्य मावळला, अजान झाली, खजूर आणि कलिंगडाची फोड हातात आली. भजीही होती. माझा अर्धवट रोजाही त्यांनी प्रेमाने सोडवला.

ईदेची पहाट दुधाने उगवली. शेजारचे कोंडिबाआबा दोन कॅन घेऊन दारात. "चाचे, यंदा म्हस वाट बघती हाय बरं का," म्हणून त्यांनी चिडवलं आणि शिव्या खाल्ल्या. देग चुलीवर चढली. शेवया तुपात परतल्याचा वास सुटला तेव्हा मी मुद्दाम खिडक्या सताड उघडल्या. पुरुष नमाजेला जाऊन आले, गळाभेटी झाल्या, आबांच्या घरची पाच माणसं खाऊन गेली. साडेनऊ वाजले. पावणेदहा. दहा. सतरंजी रिकामी. चाची देगीशी बसून उगाच डाव फिरवत होत्या. सलीम सतरंजीच्या कडा पुन्हा पुन्हा सरळ करत होता. साडेदहाला मला वाटलं, सरळ समोर जाऊन दारं वाजवावीत. चप्पल पायात घातलीसुद्धा.

तेवढ्यात समोरचं गेट उघडलं. पुढे वैशाली, हातात शंकरपाळ्यांचा डबा. मागे तिचा नवरा, दोन मुली. त्यांच्यामागे एक आजी-आजोबा, एक हिंदी बोलणारं जोडपं, कडेवर बाळ. लिफ्ट खाली येईल तशी माणसं बाहेर पडत होती. उंबऱ्याशी येऊन सगळे थबकले.

चाची उठल्या, कमरेवर हात ठेवला. "चार वरसं झाली. कुटं व्हता?"

"तुम्ही कधी बोलावलंच नाही, चाची," वैशाली हळूच म्हणाली.

"मग आज कुणी बोलावलं?"

वैशालीने माझ्याकडे बघितलं. मी कौलं मोजायला लागले.

"कुणी नाही," वैशाली म्हणाली. "आमचे आम्हीच आलो."

चाचींनी तिला हात धरून आत ओढलं. "मग उभी का? शेजारी हायेस न्हवं तू! बस की!" आणि रडायला लागल्या. शमीमला हे सांगायचं नव्हतं. पण मी सांगितलं, परवीनच्या फोनवरून, तिथल्या तिथे, आणि सांगलीत तीही रडली.

बारा वाजता देगीत डाव खडखडला. माझ्या वाटणीला तळाची खरवड आली, वाटीभर. सलीम म्हणाला, "ताई, फुडल्या साली दोन देगी चढवाव्या लागत्याल." चाचींनी त्याला पदराने मारलं.

सांगलीला आले ती दोन दिवसांनी. आमच्या जिन्यात समोर नवं बिऱ्हाड येऊन सहा महिने झालेत. एकदा बोलवू या त्यांना, असं मी सहा महिने म्हणतेय. संध्याकाळी बॅगही न उघडता गेले आणि बेल दाबली. ओल्या हातांनी एका बाईंनी दार उघडलं.

"काही काम होतं का?"

"नाही हो, काहीच काम नाही," म्हटलं, आणि चपला काढल्या.