चार ग्रॅम जास्तीचे

मावशीची सगळी नोकरी शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात गेली. निवृत्त होऊन घरी बसल्यावर तिच्या हातांना चैन पडेना. आधी तिने उशांचे अभ्रे बदलले, मग पडद्यांना नव्या किनारी लावल्या, मग काकांच्या चांगल्या धडधाकट शर्टांच्या कॉलरी उसवून उलट्या लावल्या. "आता माझीच पाळी दिसतेय," काका म्हणाले, तेव्हा कुठे ती थांबली आणि उरलेल्या चौकडीच्या कापडाचा तिने एक हत्ती शिवला.

हत्ती झकास होता. जाडजूड पाय, जरा वाकडी सोंड आणि चेहऱ्यावर नुकतंच पोटभर जेवल्याचा भाव. मी त्याचा फोटो इंटरनेटवर टाकला आणि मावशीला न विचारता खाली लिहून टाकलं, 'मागणीप्रमाणे शिवून मिळेल.' थोड्याच दिवसांत कुठून कुठून मागण्या यायला लागल्या आणि हत्ती पार्सलने पाठवायची वेळ आली. पार्सल अर्ध्या किलोच्या आत बसलं तर एक दर, वर गेलं तर एकदम पुढचा. म्हणून मी मावशीला एक छोटा डिजिटल वजनकाटा आणून दिला.

तिने तो उलटसुलट करून पाहिला. तळहाताएवढी काच, खाली निळे आकडे.

"काटा म्हणतेस, पण ह्याला काटा कुठंय?"

"आकडे दिसतात की, मावशी."

"आकडे काय, कुणीही दाखवील." तिने फडताळातून साखरेचं न फोडलेलं पाकीट आणून त्यावर ठेवलं. आकडा बरोबर आला. मग दुसरं पाकीट ठेवलं. तोही बरोबर. मग तिने दोन्ही पाकिटं एकदम ठेवली, काटा बेरीज चुकतोय का ते बघायला. काटा चुकला नाही, आणि त्या दिवसापासून मावशी त्याच्या पूर्ण कह्यात गेली.

साबणाची वडी आंघोळीच्या आधी किती आणि नंतर किती, हे आम्हाला रोज कळायला लागलं. काकांचा चष्मा, किल्ल्यांचा जुडगा, तिची स्वतःची वेणी, काही सुटलं नाही. वेणीसाठी ती टेबलाशी पाठ करून बसली होती आणि आकडा वाचायला मला बोलावलं होतं. एकदा काकांनी गंमत म्हणून काट्यावर डोकं टेकवलं. काट्याने आकडा दाखवायचं सोडून नुसतं 'ई' दाखवलं.

"ई म्हणजे काय गं?" काकांनी विचारलं.

"झेपत नाहीये त्याला," मावशी म्हणाली.

काका संध्याकाळपर्यंत खूश होते. शेजाऱ्यांनाही जाऊन सांगून आले की त्यांचं डोकं मशीनला झेपत नाही.

कुरियरच्या दुकानात मात्र खटका उडायचा. तिथल्या मोठ्या काट्यावर पार्सल ठेवलं की मावशी पिशवीतून आपला काटा काढायची आणि शेजारी मांडायची. कुरियरवाला पहिल्यांदा हसला, दुसऱ्यांदा गप्प बसला, तिसऱ्यांदा हात जोडून म्हणाला, "मावशी, तुमचा काटा तुमच्या घरी नांदू दे, माझा इथे नांदू दे. दोघांची भांडणं कशाला लावता?"

"भांडतायत कुठे? एकच तर सांगतायत," मावशी म्हणाली. पण पिशवीत काटा नेणं काही तिने सोडलं नाही.

काम वाढलं तसे काकाही कामाला लागले. मावशी शिवायची, काका हत्तीत कापूस भरायचे. कापूससुद्धा काट्यावर मोजून, एका हत्तीला एक वाटा. काकांचं आयुष्य छापखान्यात गेलेलं. तिथल्या खडखडाटाने कान अधू झाले होते आणि ते कानाला मशीन लावायचे, शेंगदाण्याएवढं. पण मावशीचं शिवणयंत्र सुरू झालं की ते मशीन कानात नुसता कल्ला करायचं, म्हणून काका ते काढून समोर टेबलावर ठेवायचे. टेबलावर कापसाचा ढीग असायचा.

त्या सकाळी एका हत्तीचं पार्सल काट्यावर ठेवलं आणि मावशीच्या कपाळाला आठी पडली. हत्ती, खोका, फीत, आभाराचं चिठोरं, सगळं मिळून पार्सल नेहमी चारशे अठ्ठ्याण्णव भरायचं. आज पाचशे दोन.

"चार ग्रॅम जास्त आलेत," ती मला म्हणाली.

"कापूस जास्त गेला असेल."

"कापूस मी मोजून दिलाय." तिने काटा पुसला, परत ठेवलं. पाचशे दोन. "हवा दमट आहे. कापूस पाणी प्यायलाय," असा निकाल देऊन तिने खोका उघडला. हत्तीच्या गळ्यातली फीत काढली. आभाराचं चिठोरं काढलं. तरी भागेना, तेव्हा खोक्याच्या झाकणाचे कोपरे कातरून गोल केले. चारशे नव्याण्णव. "बसला," ती म्हणाली आणि पार्सल रवाना झालं.

दुपारी काकांनी कानाचं मशीन शोधायला सुरुवात केली. उशीखाली, सोफ्याच्या फटीत, कपडे धुवायच्या यंत्रात, सगळीकडे बघून झालं. मावशीने केराची टोपली वर्तमानपत्रावर उपडी केली. मशीन नाही ते नाहीच. त्यानंतर घरात जे संवाद सुरू झाले ते सगळ्या इमारतीला पाठ झाले.

"अहो, कात्री कुठे ठेवलीत?"

"रात्री? रात्री जेवलो की मी."

"कात्री म्हणतेय मी."

"अगं, आमटीसुद्धा संपवली."

मावशी ओरडून ओरडून थकली. काका मात्र वर्तमानपत्र वाचत इतके शांत बसलेले असायचे की मला शंका यायला लागली, ते मशीन फार मनापासून शोधतायत की नाही.

मग एका दुपारी त्या हत्तीच्या मालकिणीच्या आईचा फोन आला. मी तिथेच होते. मावशीने फोन स्पीकरवर टाकला.

"काकू, हत्ती फार सुंदर आहे. आमची चिमणी त्याला खालीच ठेवत नाही. आणि ती शिट्टीची कल्पना तर कमालच आहे."

"कसली शिट्टी?"

"आत बसवलीय ना तुम्ही? घट्ट मिठी मारली की हत्ती शीळ घालतो. सोडला की गप्प."

मावशी हळूच काकांकडे वळली. काका तिच्याकडे बघून गोड हसले. त्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं.

"बाई, एकदा मिठी मारायला सांगता का तिला? फोनजवळ," मावशी म्हणाली.

फोनमधून बारीक, लांब, कानात घुसणारी शीळ आली. काका लोडाला टेकून डुलकी काढायला लागले की कानाच्या मशीनवर दाब पडून हीच शीळ घरभर घुमायची. मावशीला ती झोपेतही ओळखू आली असती.

ती खुर्चीत बसली. "आता कसं सांगू तुम्हाला. तुमच्या हत्तीच्या पोटात आमच्या ह्यांचा कान आहे."

बाईंना उलगडा व्हायला थोडा वेळ लागला. उलगडा झाल्यावर त्या इतक्या हसल्या की फोन बाजूला ठेवावा लागला. मशीन काढून पाठवायला त्यांची काहीच हरकत नव्हती. हरकत होती चिमणीची. तिने फोन घेतला आणि स्वच्छ सांगितलं, "माझ्या हत्तीला कापायचं नाही."

"अगं, दोनच टाके उसवायचे," मावशी म्हणाली. "मी तुला दुसरी शिट्टी पाठवते, पोटात बसवायला."

"मला हीच पाहिजे. तो हसतो तेव्हा वाजते."

मावशीने गोष्ट सांगून पाहिली, लाडीगोडी लावून पाहिली, दुसऱ्या हत्तीचं आमिष दाखवलं. चिमणी बधेना. मावशीसारखी मावशी हात टेकून बसली. तेवढ्यात मी एका कागदावर सगळा प्रकार लिहून काकांना दाखवला होता. त्यांनी तो दोनदा वाचला आणि फोन मागून घेतला.

"हे बघ बाळा," ते जरा मोठ्यानेच बोलले, "मी तो आजोबा. तू काय बोलतेस ते मला ऐकू येणार नाही, कारण माझा कान तुझ्याकडे आहे. तू हत्तीशी बोलतेस ना, ते सगळं माझ्या कानातच जातं."

पलीकडून चिमणीचा बारीक आवाज आला, फोनमध्ये नाही, आईला विचारत होती. "म्हणजे मी हत्तीला सांगितलेलं गुपित त्या आजोबांच्या कानात गेलं?"

आई बहुतेक हसू दाबत होती. "गेलं असेल बाई, काय सांगावं."

"मग काढ. आत्ताच्या आत्ता काढ."

शस्त्रक्रिया फोनवरच झाली. मावशीने इकडून सांगितलं, शेपटीच्या खाली हाताची शिलाई आहे, तिथलेच दोन टाके उसवा, कापड ओढू नका. आईने तिकडून बोट घातलं आणि मशीन बाहेर आलं. चिमणीने ते हातात घेऊन आधी त्याला दम भरला की कुणाला सांगायचं नाही, आणि मगच पाकिटात घालू दिलं. मावशीने त्याच दिवशी बाजारातून पिळल्यावर वाजणारी एक रबरी पुंगी आणून पाठवून दिली. ती हत्तीच्या पोटात बसली, पण चिमणीच्या मते तो आता पहिल्यासारखा हसत नाही, नुसता शिंकतो.

मशीन परत आलं. काकांनी ते पुसून कानाला लावलं, आणि मावशी लगेच म्हणाली, "कात्री कुठे ठेवलीत?" कात्री काकांच्याच उशाखाली निघाली.

पुढे दोन दिवसांनी चिमणीचा फोन आला, खास आजोबांसाठी. काका फोन घेऊन गॅलरीत गेले, दार लोटून घेतलं आणि बराच वेळ हुंकार देत राहिले. आता हे अधूनमधून चालूच असतं. काका आत आले की मावशी विचारते, "काय म्हणत होती?"

"ते काही तुला सांगण्यासारखं नाही," काका म्हणतात आणि हत्तीत कापूस भरायला बसतात. मावशीला ह्याचा भारी राग येतो. परवा ती मला स्वयंपाकघरात नेऊन हळूच विचारत होती, तू तरी काही ऐकलंस का गं.