लाल शाईवरचं भांडण

सख्ख्या बहिणीचं कौतुक ऐकून तुमच्या पोटात कधी दुखलंय का? खरं सांगा. माझ्या दुखतं. अजूनही.

ताई डोळ्यांची डॉक्टर झाली आणि दवाखाना न टाकता संशोधनात शिरली. डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस औषधांनी कशी बिघडते, हा तिचा विषय. टीबीच्या एका गोळीनं काही जणांची ही नस खराब होते, आणि बऱ्याचदा आधी रंग फिके पडतात. म्हणून ती कल्याणच्या टीबी केंद्रात बाकांवर बसलेल्या पेशंटसमोर रंगीत ठिपक्यांचं पुस्तक धरून बसायची. "दवाखाना कधी टाकतेस?" असं नातेवाईक तिला टोचून विचारायचे, तेव्हा मला बरं वाटायचं.

मग तिचा लेख परदेशात छापून आला. बाबांना त्याचं इंग्रजी नावही धड वाचता येत नाही, तरी त्यांनी तो लॅमिनेट करून डोंबिवलीच्या आमच्या घरात टीव्हीच्या वर लावला. मी मोर्च्यांसाठी लिहिते ती पत्रकं मात्र आई डब्यांखाली अंथरते. मोर्च्यातून आणलेल्या पत्रकांवर बोट ठेवून मला अक्षरं शिकवली ती याच बाबांनी!

"अन्यायाविरुद्ध उभं राहायला पाठीचा कणा लागतो, मायक्रोस्कोप नाही," मी ताईला ऐकवायचे.

"कणा मोडला की येशील डॉक्टरकडेच," ती म्हणायची. बाबा हसायचे. तिच्या बाजूनं.

गेल्या वर्षी मलाच टीबी झाला. ताई तेव्हा बाहेरगावी होती. दर महिन्याला डोळे तपासून घे, असं तिनं फोनवर बजावलं. तिनं बजावलं म्हणूनच मी गेले नाही.

काही महिन्यांनी मी धोकादायक इमारतींतून बाहेर काढलेल्या भाडेकरूंसाठी पत्रक काढलं. मथळा लालभडक हवा होता. ठाण्यात खोपटच्या प्रेसमध्ये गठ्ठा हातात आला, तर अक्षरं मळकी, विटकरी.

"काका, शाईत पाणी घातलंत? गरिबांचं पत्रक म्हणून?"

"अगं बाई, लाल ते लालच आहे! उन्हात नेऊन बघ."

उन्हातही तसंच दिसलं. एक पत्रक उचलून, गठ्ठा तिथेच टाकून मी तणतणत घरी आले. ताई सुट्टीवर आलेली. मी पत्रक तिच्यासमोर आपटलं.

"बघ, हे असं फसवतात."

तिनं कागदाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "हे तुला फिकं दिसतंय?"

"आंधळ्यालाही कळेल."

तिनं बॅगेतून ते पुस्तक काढून माझ्यासमोर धरलं. "आकडा सांग."

"कसला आकडा? नुसते ठिपके आहेत."

मागे बाबा चहाचा कप घेऊन उभे होते. "चौऱ्याहत्तर," ते म्हणाले. "केवढा मोठा लिहिलाय!"

ताईनं त्यांना हातानं गप्प केलं आणि पानं उलटत गेली. पुढच्या पानांवरही मला आकडे दिसले नाहीत. भीती नंतर वाटली. आधी वाटलं ते एवढंच, की बाबांना दिसलं, मला नाही, आणि तेही हिच्यासमोर.

त्याच दिवशी तिनं मला माझ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी ती एक गोळी बंद करून उपचार बदलले. "अजून उशीर केला असतास तर वाचणं-लिहिणं गेलं असतं," ताई म्हणाली. पुढचे कित्येक महिने अक्षरं पुसट होती. हळूहळू नजर परत आली, रंगही बरेचसे आले.

माझ्या पत्रकांनी कोणाचं काय वाचवलं, मला माहीत नाही. तिच्या ठिपक्यांनी काय वाचवलं, ते मी रोज वापरते. हेवा वाटणार नाही तर काय होईल? शेवटी मी तिला विचारलंच, "तुझा लेख कल्याणच्या त्या बाकांवर बसलेल्या किती जणांना वाचता येतो?"

तिनं टीव्हीवरच्या लॅमिनेट केलेल्या लेखाकडे बघितलं. म्हणाली, "मग त्यांना वाचता येईल असं तू लिही. पण तुझ्या पत्रकांसारखं 'जुलमी' वगैरे नको घालूस."

नाही घालत. एवढंच करा: घरात, शेजारी कोणी टीबीच्या गोळ्या घेत असेल, तर आज त्यांना विचारा, रंग फिके वाटतात का, अक्षरं धूसर दिसतात का. 'हो' म्हणाले, तर गोळ्या मनानं थांबवू देऊ नका. त्याच दिवशी त्यांना त्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन जा.