परसातला मुक्काम

जयतीर्थ मास्तरांनी उद्धवरावांना पहिल्यांदा पाहिलं ते कुंपणाच्या भिंतीवरून. कलबुर्गीच्या शाळेत आयुष्यभर इतिहास शिकवून मास्तर निवृत्त झाले आणि शारदाबाईंना घेऊन बीदरला, नौबादेत राहायला आले. खोकी अजून सोडायची होती. संध्याकाळी टॉवेल वाळत घालायला ते मागच्या दारी गेले, तर शेजारच्या परसात एक धिप्पाड गृहस्थ धोतर खोचून गुडघ्यांवर बसले होते आणि लोखंडाचा तुकडा दगडावर टकाटका आपटत होते. मागं तीन बांबूंवर काळी घोंगडी ताणलेली, पुढं तीन जांभ्या दगडांची चूल. घर मात्र दुमजली होतं आणि वरच्या खिडकीत एसी घरघरत होता.

मास्तरांना वाटलं, गॅस संपला असेल.

"सिलिंडर देऊ का? आमच्याकडं भरलेलं आहे."

"सिलिंडर तीन हायत घरात," ते गृहस्थ मान वर न करता म्हणाले. "ह्यो मुक्काम हाय. बहामनीच्या काळातला. तुम्ही असं करा, हिकडं या आन् ह्यो कापूस धरा. एकट्यानं जमंना झालंय."

मास्तर गेले. जळक्या कापसाचा बोळा दगडाच्या कडेला धरून बसले. ठिणगी पडली, कापूस लाल झाला, आणि दोघांनी मिळून फुंकर घातली. त्या संध्याकाळी मास्तर खापराच्या तव्यावरची भाकरी पळसाच्या पानावर खाऊन आले.

उद्धवराव मूळचे जनवाड्याचे. वडिलांनी बीदरच्या बाजारात डाळीची आडत घातली, उद्धवरावांनी ती वाढवली, आणि आता मुलगा व्यंकट ती सांभाळतो. लहानपणी तुरीच्या गाडीवर बसून येताना किल्ला दिसला की त्यांना एकच प्रश्न पडायचा. सुलतान आत राहत होता हे ठीक, पण बाहेर तटाखाली गाड्या सोडणारी माणसं काय खात असतील, कशावर झोपत असतील? आडत मुलाच्या हाती दिल्यावर ते या प्रश्नाच्या मागे लागले. दर शनिवारी परसात मुक्काम. स्टील नाही, प्लास्टिक नाही, काडेपेटी नाही. मोबाईल घरात, तुरीच्या डब्यात. गारगोट्या मांजरा नदीतून वेचून आणलेल्या, लोखंड जुन्या विळ्याचं. विस्तव चकमकीचाच, नाही पेटला तर उपाशी झोपायचं, असा नियम.

"आठवडाभर एसीत लोळायचं आन् शनवारी घोंगडीत जाऊन खोकायचं," नागूबाई, त्यांच्या पत्नी, येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायच्या. ज्वारीचं पीठ मात्र शनिवारी दुपारीच लाकडी काथवटीत काढून ठेवायच्या.

मास्तरांना शनिवारची ओढ लागली. शाळा सुटल्यापासून त्यांना कुणी काही विचारत नव्हतं. उद्धवराव विचारायचे. "गुरुजी, तवा बटाटा होता का?" नव्हता. बटाटा गेला, हुलगे आले. "टमाटा?" तोही नव्हता. उद्धवराव मोठ्या मनानं एकेक जिन्नस सोडत गेले, आणि मास्तर आठवडाभर पुस्तकं चाळून पुढच्या शनिवारची तयारी करू लागले.

मग एकदा उद्धवरावांनी बाजारातल्या अंकुशरावांना मुक्काम बघायला बोलावलं. हौसेनं सगळं दाखवलं आणि शेवटी भाकरीवर हिरव्या मिरचीचा ठेचा वाढला. "बहामनी ठेचा!" असंही म्हणाले.

मास्तरांच्या तोंडून निघून गेलं, "मिरची तेव्हा नव्हती. बहामनी गेल्यावर, पोर्तुगीजांनी आणली."

अंकुशराव एवढं हसले की ठसका लागला. "मंग उद्धवराव, मिरचीबिगर लढाया कशा मारल्या हो तुमच्या सुलतानांनी?"

उद्धवरावांचा चेहरा उतरला. "गुरुजी, घर माझं, परस माझं, मिरची माझ्या रानातली."

"पण काळ तुमचा नाही," मास्तर म्हणाले. वर्गात असं काही बोलून गेलं की पोरं हसायची. इथं अंकुशरावसुद्धा हसले नाहीत.

पुढच्या शनिवारी मास्तरांना हाक आली नाही, आणि तेही आपणहून गेले नाहीत. त्याच्या पुढच्या शनिवारीही तेच. शारदाबाई म्हणाल्या, "जाऊन या ना." मास्तरांनी पेपर उलटला.

तिसऱ्या शनिवारी दुपारी पावसाची सर येऊन गेली होती. दिवेलागणीला मास्तर मागच्या पायरीवर बसले होते आणि भिंतीपलीकडून टकटक ऐकू येत होती. थांबायची, पुन्हा सुरू व्हायची. कापूस सर्दावला असणार. आणि धरायलाही कुणी नव्हतं. मास्तरांचा हात आपोआप पुढं झाला आणि त्यांनी तो मांडीवर ठेवून दिला.

शारदाबाई डासांसाठी धुपाटण्यात निखारे घेऊन बाहेर आल्या, तेवढ्यात भिंतीवर नागूबाईंचं डोकं दिसलं.

"अक्का, वाईच विस्तू देता का? ह्येंचं काय पेटंना. शुगरची गोळी घेऊन उपाशी बसायलेत."

"कामून मागायलीस?" मागून उद्धवरावांचा आवाज आला. "मुक्कामाला दुसऱ्याचं चालत न्हाई!"

"गप बसा. आमच्या म्हायेरी मुडबीला आजीनं कवा चकमक ठोकलेली मी बघितली न्हाई. चूल इझली की खापर घ्यायचं आन् शेजारी जायचं. तुमच्या बहामनीत शेजारी नव्हते व्हय?"



"होते," मास्तर पायरीवरून म्हणाले. "वहिनी म्हणतात तेच बरोबर आहे."

शारदाबाई मात्र घुटमळल्या. "पण तिन्हीसांजेला विस्तव घराबाहेर देऊ नये म्हणतात, नागूबाई."

"मंग देऊ नगा. गुरुजींच्या हाती धाडा. तुमचा विस्तू तुमच्याच माणसाच्या हातात ऱ्हाईल. दिला कुठं?"

दोघी बायका मास्तरांकडं बघत राहिल्या. मास्तर उठले. धुपाटणं घेतलं, फाटकातून रस्त्यावर आले आणि निखाऱ्यांवर फुंकर घालत, वारा लागू नये म्हणून पाठ वळवत, शेजारच्या फाटकातून आत गेले.

उद्धवरावांनी आधी धुपाटणं निरखलं. "पितळ हाय न्हवं?"

"पितळच."

"मंग चालतंय." ते घोंगडीखालच्या पोत्यावर थोडे सरकले. "कापूस नगं आता. ही गवरी धरा."

गवरीनं पेट घेतला. भाकऱ्या झाल्या. उद्धवरावांनी दगडी खलातला काळपट गोळा मास्तरांच्या पानावर वाढला. मास्तरांनी चाखून बघितला: लसूण, मीठ आणि काळी मिरी.

"मिरची?"

"न्हाई. मागच्या दोन शनवारीबी हेच खाल्लंय. घशाखाली उतरंना, पर म्हणलं, काळ बिघडू न्हाई." उद्धवराव चुलीतलं लाकूड उगाचच पुढं सारत म्हणाले, "तवा मिरी व्हती न्हवं, गुरुजी?"

"होती की," मास्तर म्हणाले. "भरपूर होती." आणि त्यांनी आणखी थोडा ठेचा मागून घेतला.

मुक्काम अजून चालू आहे. उद्धवराव शनिवारी शेजारच्या विस्तवावर भाकरी भाजून मिरीच्या ठेच्याशी खातात, आणि रविवारी सकाळी घरात आले की चहाच्या आधी एक हिरवी मिरची खातात.