झाडूच्या दांड्याचं माप

त्या शाळेत घंटा मावशी वाजवायच्या, आणि सव्वीस वर्षांत त्यांचा टोला एकदाही चुकला नव्हता. मोठ्या बाई, म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका, त्यासुद्धा आपलं मनगटी घड्याळ मधल्या सुट्टीच्या घंटेला लावून घ्यायच्या. खोल्या उघडायच्या, फळे पुसायचे, जिने झाडायचे, पडलेल्या पोराच्या गुडघ्याला औषध लावून "काही नाही, मुंगी मेली बघ" म्हणायचं, हे सगळं मावशींचं. त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की शिक्षकसुद्धा वाट वाकडी करून जायचे. पण पोरं मात्र त्यांच्या मागेमागे.

वर्षातून काही दिवस त्यांच्याकडे आणखी एक काम असायचं. एखादा वर्ग सहलीला गेला की मागे राहिलेली मुलं सांभाळायची. कोणाला खोकला झालेला असायचा, कोणाच्या वडिलांनी नाही म्हटलेलं असायचं. एखाद्या नव्या शिक्षिकेने विचारलंच, "मावशी, तुम्ही नाही जात कधी?" तर मावशी हात झटकायच्या. "छे हो बाई! मला बस लागते. एक वळण आलं की पोटात ढवळायला लागतं."

गेली चार वर्षं या मागे राहणाऱ्यांत एक नाव ठरलेलं होतं. वकीलबाई. हे नाव तिला वर्गानेच ठेवलेलं, कारण वाद घालायला लागली की समोरच्याने हात टेकायचे. तिचे पाय लहानपणापासून लुळे होते. चाकांची खुर्ची ती स्वतःच्या हातांनी फिरवायची आणि वर्गात इतरांसारखी बाकावर बसायची, हा तिचा हट्ट. खुर्ची तेवढा वेळ बाहेर व्हरांड्यात. येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायात येऊ नये म्हणून शेजारची मैत्रीण ती जरा मिटवून भिंतीला लावून ठेवायची.

सहलीच्या दिवशी मावशी वकीलबाईसाठी काय काय करायच्या म्हणून सांगू! वाचनालय उघडायच्या, रिकाम्या व्हरांड्यात खुर्ची भन्नाट पळवायच्या, मोठ्या बाईंच्या खुर्चीत बसवून "बोला साहेब" म्हणायच्या, आणि दुपारी चक्क घंटेची दोरी तिच्या हातात द्यायच्या. पोरगी खिदळायची. संध्याकाळी सगळे म्हणायचे, "तिला काय, ती मावशींकडे खूश असते." मावशींना त्याचा कोण अभिमान! आणि खोटं कशाला बोला, त्या दिवसाची त्या स्वतःही वाट बघायच्या.

पालकांच्या सहीच्या चिठ्ठ्या कचेरीतून वर्गात न्यायचं काम मावशींचंच. वर्गात मुलं चाळीस, मावशी चिठ्ठ्या मोजून न्यायच्या एकोणचाळीस. तसं कोणी सांगितलेलं नव्हतं. पहिल्या वर्षी एक उरली होती, दुसऱ्या वर्षापासून त्यांनी आपणहून एक कमी उचलली.

वकीलबाई सातवीत गेली, या शाळेतलं तिचं शेवटचं वर्ष. सहल ठरली शहराचं पाणी गाळून शुद्ध करतात त्या केंद्राची. मावशी चिठ्ठ्या वाटून वर्गाबाहेर पडल्या, तर मागून हाक आली.

"मावशी, माझी?"

"अगं, तुला कशाला चिठ्ठी? आपण दोघी मजा करू! या वेळी तर मी गच्चीवरची दुर्बीण मागून ठेवलीय."

वकीलबाई बाकावरून त्यांच्याकडे बघत राहिली. वाद घालताना बघायची तशी नाही. मग म्हणाली, "रागावू नका हं. मला तो दिवस नाही आवडत. तुम्ही एवढी तयारी करता, म्हणून हसते मी."

मावशी "बरं" म्हणाल्या आणि निघाल्या. व्हरांड्याच्या टोकाला पोचेपर्यंत त्यांना काही वाटलं नाही. मग कोणी कानफटात मारावी तसं ते वाक्य बसलं. चार वर्षं! चार वर्षं आपण पोरीला सांभाळत होतो की पोरगी आपल्याला? त्या दिवशी मधल्या सुट्टीची घंटा दहा मिनिटं आधी झाली. मोठ्या बाईंनी मुकाट्याने आपलं घड्याळ दहा मिनिटं पुढे केलं, यावर पुढे बरेच दिवस शाळेत हसणं चाललं होतं.

शाळा सुटल्यावर वकीलबाईची आई तिला न्यायला आली. ती एका लाँड्रीत इस्त्री करायची, दिवसभर उभं राहून पाय सुजलेले असायचे. मावशींनी तिला फाटकापाशी गाठलं.

"का हो, तुम्ही कधी म्हटलं नाही, हिला सहलीला न्या म्हणून?"

"मी विचारते की दर वर्षी," आई म्हणाली. "तीच नको म्हणते. म्हणते, मला बस लागते. आता कधी बसमध्ये बसलीच नाही, तर लागते हे कुठून कळलं कोण जाणे."

कुठून कळलं ते मावशींना बरोबर कळलं.

दुसऱ्या दिवशी त्या मोठ्या बाईंच्या खोलीत जाऊन उभ्या राहिल्या. मोठ्या बाई वाईट नव्हत्या हो. पण त्यांच्या डोक्याला शंभर व्याप. बसला पायऱ्या आहेत. तिथे जिने असतील. पोरीला बाथरूमला जायचं झालं तर? पाण्याच्या टाक्या उघड्या, काही झालं तर कोणाच्या गळ्यात?

"माझ्या," मावशी म्हणाल्या.

"तुमच्या गळ्यात घालून माझी सुटका होते का?" मोठ्या बाईंनी चष्मा काढला. "तिला तिथे नेलं आणि दारातच अडलं, तर सगळ्या वर्गासमोर तिचं काय होईल? त्यापेक्षा न नेलेलं बरं. तुम्ही आधी जाऊन बघून या. सगळीकडे जाता येतं असं छातीठोक सांगा, मग मी सही करते."

हे बोलणं रास्त होतं. मावशींनी घरी नवऱ्याला जुन्या झाडूचा दांडा कापून मागितला. नवरा सुतार, बोलायला कमी आणि टोमणे मारायला पुढे.

"केवढा?"

"खुर्चीच्या रुंदीएवढा. एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत. व्हरांड्यात उभी असते तिला दोरा लावून माप आणलंय."

"अगं, टेप ने की. आकडा लिहून घे."

"आकड्यांचं मला सांगू नका. दांडा दारात आडवा धरायचा. गेला तर गेला, नाही तर नाही."

"सव्वीस वर्षं शाळेत राहून एवढंच शिकलीस," नवरा म्हणाला, आणि दांडा कापून, टोकं घासून, हातात कुसळ जाऊ नये म्हणून पॉलिश करून दिला.

सुट्टीच्या दिवशी मावशी दांडा घेऊन त्या केंद्रावर पोचल्या. तिथला ऑपरेटर, साठीला आलेला माणूस, आधी म्हणाला, "झाडायला आलात वाटतं? नुसता दांडाच?" पण कारण कळल्यावर तो स्वतः सगळीकडे घेऊन फिरला. पुढच्या बाजूला अकरा पायऱ्या होत्या, पण मागून औषधाची पिंपं ढकलत नेतात तो उतार होता. मावशींनी दारोदार दांडा आडवा धरला. बाथरूमच्या दाराला धरला. प्रयोगशाळेच्या दाराला धरला. शेवटचं दार गाळणघराचं, जिथे वाळूतून पाणी गाळतात तिथलं. तिथे दोन्हीकडे एकेक बोट जागा राहिली. "गेला!" मावशी ओरडल्या, आणि आत घुमलं, "गेला, गेला."

मोठ्या बाईंनी सही केली. आणि चाळिसावी चिठ्ठी मावशींनी स्वतः नेऊन वकीलबाईच्या बाकावर ठेवली. सहल पोरीची होती, पण आदल्या रात्री दांडा पिशवीत घातलाय ना, हे मावशींनी चारदा उठून बघितलं. दार अडलं तर? छातीठोक सांगितलं होतं ना आपण!

सहलीच्या सकाळी बसच्या पायऱ्यांशी ड्रायव्हरकाका हात पसरून पुढे झाले. "चल, उचलतो तुला."

"काका, मी काय पोतं आहे?" वकीलबाई म्हणाली. पायऱ्यांकडे पाठ करून ती खुर्चीतून खालच्या पायरीवर सरकली, आणि तळव्यांवर जोर देत, बसत बसत, एकेक पायरी वर गेली. खिडकीची जागा पकडून वरून ओरडली, "खुर्ची नीट चढवा हं, काका." मावशी तिच्या शेजारी बसल्या. वळणं आली आणि गेली.

मागचा उतार ठीक. प्रयोगशाळा ठीक. तिथे वकीलबाईने ऑपरेटरला एवढे प्रश्न विचारले की बाकीच्यांची पाळीच येईना. मावशींच्या जिवात जीव येत चालला होता. मग गाळणघराचं दार आलं. वकीलबाईने चाकं फिरवली, आणि खुर्ची दोन्ही बाजूंनी चौकटीला टेकून थांबली.

मागे घेतली, पुन्हा नेली. पुन्हा तेच. मावशींनी दांडा आडवा धरला, तो आरामात गेला. असं कसं? त्यांनी खाली वाकून चाकांकडे बघितलं आणि त्यांना उमगलं. माप घेतलं तेव्हा खुर्ची व्हरांड्यात मिटवून ठेवलेली, रिकामी. तिच्यात माणूस बसलं की ती फाकते, दोन बोटं, तीन बोटं. मावशींनी रिकाम्या खुर्चीसाठी दारं मोजली होती.

मागे अख्खा वर्ग खोळंबला. वकीलबाईची मान खाली गेली होती, कान लाल झाले होते. वर्गाच्या बाई मावशींच्या कानाशी येऊन हळूच म्हणाल्या, "मावशी, आम्ही पटकन आत जाऊन येतो. तुम्ही दोघी इथेच थांबा ना. बाहेर छान सावली आहे."

मावशींच्या ओठावर शब्द तयारच होते. चल गं, आपण दोघी मजा करू. सव्वीस वर्षांची सवय ती. त्यांनी तोंड उघडलं आणि ते शब्द गिळले.

"नाही बाई," त्या म्हणाल्या. आवाज जरा मोठाच निघाला. "माप माझं चुकलंय. पोरीचं काही चुकलेलं नाही. कोणीही आत जायचं नाही."

आता पुढे काय, हे मावशींनाही ठाऊक नव्हतं. उंबऱ्यापलीकडची ओली फरशी तेवढी त्यांना दिसत होती.

वकीलबाईने मान वर केली. "मावशी, ती फरशी पुसाल?"

आता हे काम मावशींना कोणी शिकवायला नको. ऑपरेटरकडून फडकं घेतलं, गुडघ्यांवर बसल्या आणि दाराच्या अलीकडे पलीकडे दोन हात जागा अशी कोरडी केली की शाळेतसुद्धा कधी केली नसेल. वकीलबाई खुर्चीतून खाली सरकली, दाराकडे पाठ केली आणि तळव्यांवर जोर देत, बसत बसत, उंबऱ्याच्या पार गेली. खुर्ची रिकामी झाली. मावशींनी ती जराशी मिटवली आणि दारातून नेली. दोन्हीकडे एकेक बोट जागा राहिली.

तेवढ्यात वकीलबाईची ती बाकावरची मैत्रीण धपकन खाली बसली. "मीपण अशीच येणार!" तिच्यामागून दुसरी. मग काय विचारता! बाकीची एकोणचाळीस पोरं फरशीवर बसून, उलटी सरकत, एकमेकांच्या पायांवर आदळत, हसत ओरडत त्या दारातून आत गेली. ऑपरेटरने कपाळाला हात लावला. वर्गाच्या बाई आधी "कपडे! अरे कपडे!" म्हणत होत्या, मग त्याही हसायला लागल्या. आत वकीलबाई केव्हाच खुर्चीत बसून कठड्याशी पोचली होती आणि वाळूत मुरणाऱ्या पाण्याकडे टक लावून बघत होती. मावशी तिच्या मागे उभ्या राहिल्या. खुर्चीच्या मुठींना त्यांनी हात लावला नाही.

परत निघताना बाईंनी बसमध्ये डोकी मोजली. "चाळीस. चला, काका."

"बाई, एक राहिलं!" वकीलबाई खिडकीतून ओरडली.

मावशी खाली खुर्ची बांधत होत्या. "आले, आले," करत चढल्या आणि धापा टाकत तिच्या शेजारी बसल्या. बस सुटली. एक मोठं वळण गेलं.

"मावशी, तुम्हाला बस लागते ना?"

मावशींनी इकडेतिकडे बघितलं. मग म्हणाल्या, "नाही गं. मला कोणी कधी चल म्हटलंच नाही."

बोलून गेल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले. सव्वीस वर्षांत हे त्यांनी स्वतःलासुद्धा सांगितलं नव्हतं. वकीलबाईने दोन्ही तळवे सीटवर टेकवून स्वतःला उचललं.

"उठा," ती म्हणाली. "इकडे खिडकीशी बसा."