गार्डाच्या डब्याचा मूळ रंग

रामनगरात ट्रक रंगवण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. ट्रकवाल्याला जुना रंग नको असतो. म्हणून गणेशगुडीच्या एका लॉजवाल्यानं मीटरगेजच्या मालगाडीचा, गार्ड बसायचा तो डबा भंगारातून आणून मला बोलावलं, तेव्हा मी सवयीनं थेट ग्राइंडरच लावला. दुपारपर्यंत एक अख्खी बाजू उघड्या पत्र्यावर आणली.

लॉजवाला आला आणि बघतच राहिला. "मामा, हे काय केलं? मला पहिला होता तोच रंग पाहिजे होता. आता कळायचा कसा?"

"दुसरी बाजू हाय की," मी म्हणालो.

दुसरी बाजू वर्षानुवर्षं पाऊस खात उभी होती. खरवडलं तर वर गंज, त्याखाली कुणीतरी गोदाम करताना मारलेला करडा, आणि मग पत्राच. मूळ रंग जो काही शिल्लक होता, तो मी सकाळीच उडवला होता. खाली पडलेली धूळ चिमटीत घेऊन बघितली. तांबूस होती, पण इथली मातीच तांबडी. रंग कुठला आणि माती कुठली, कळेना.

त्यानंतर आठ दिवस माझं कशात लक्ष लागेना. रंगांच्या छटा दाखवणारं शेड कार्ड खिशात घेऊन फिरायचो. एका जुन्या स्टेशनमास्तरांच्या घरी असल्या डब्याचा फोटो मिळाला, तो काळापांढरा. जेवताना ताटाशेजारी कार्ड उघडलं की बायको वैतागायची. "रंगच तर हाय. लावा की कुठलाबी!" लावताही येत नव्हता आणि सोडताही.

शेवटी गणेशगुडीच्या चहावाल्यानं सांगितलं, कॅसलरॉकच्या रेल्वे यार्डात पूर्वी डबे रंगवणारे एक म्हातारे अज्जा गुंद गावात लेकीकडं राहतात. दुसऱ्याच दिवशी मोटरसायकल काढली.

अज्जा अंगणात बसले होते. मी त्यांच्यासमोर कार्ड धरलं. त्यांनी ते हातात घेतलं, बोटं फिरवली आणि परत दिलं.

"दिसत न्हाई रे तम्मा. एक डोळा गेलाच. दुसऱ्यात नुसत्या सावल्या."

माझा चेहरा पडला असणार, पण तोही त्यांना दिसला नसेल. मी विचारलं, "आठवतो तरी का, रंग कसला होता?"

"एकच कुठला सांगू? पिंपातनं आला तसाच थोडाच लावायचो! अळशीचं तेल घालायचो, कधी जास्त, कधी कमी. आजच्या बादलीचा रंग उद्याच्या बादलीला जुळला तर नशीब."

मग मी काय करून बसलो ते सांगून टाकलं. घरात बायकोलाही धड सांगितलं नव्हतं. अज्जांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं,

"दाराजवळ कागद अडकवायची लोखंडी चौकट असती. ती काढून बघितलीस?"

"न्हाई."

"मग चल. हितं बसून काय व्हतंय?"

लेक नको नको म्हणत असताना ते मागच्या सीटवर बसले. डब्याशी आल्यावर पत्र्यावर हात फिरवत फिरवत त्यांनी चौकट अचूक गाठली. ती मी घासलेल्याच बाजूला होती. तिच्याभोवतीनं ग्राइंडर फिरवला होता, खाली काय आहे ते बघायचं सुचलं नव्हतं. स्क्रू गंजले होते. रॉकेल सोडून अर्धा तास खटपट केल्यावर सुटले. खाली काड्यापेटीएवढा रंग होता. धड लाल नाही, धड तपकिरी नाही. भिजलेल्या जांभ्यासारखा.

मी तो मिसळायला बसलो. ओला असताना जुळायचा, वाळला की काळवंडायचा. पत्र्याचे नऊ तुकडे रंगवले, नऊही फेकले. लॉजवाला म्हणाला, "मामा, पुरे आता. पाहुणे यायचेत." दहावा तुकडा मला पटला, म्हणजे साधारण पटला.

रंगवायच्या दिवशी अज्जांना परत आणलं. त्यांनी ब्रश मागितला. वरून खाली, एकही ओघळ न येऊ देता त्यांनी अख्खं दार रंगवलं. सुरू करण्याआधी आपल्या बादलीत थोडं तेल मात्र स्वतःच्या अंदाजानं ओतलं.

"हाच व्हय, अज्जा?"

"मला काय इचारतोस? वास बरोबर हाय."

बाकीचा डबा मी माझ्या बादलीतल्या रंगानं रंगवला. लॉजवाला खूश झाला. पाहुणे दारात उभे राहून फोटो काढतात. वाळल्यावर मात्र दार आणि भिंत यांच्यात किंचित फरक पडला. तो मला दिसतो, दुसऱ्या कुणाला दिसत नाही. "एक हात परत देऊ का?" म्हणून मी दोनदा गेलो. दोन्ही वेळा लॉजवाल्यानं हसून चहा पाजला आणि ब्रश पिशवीतून काढू दिला नाही. दुसऱ्यांदा बराच वेळ समोर थांबलो. सकाळी दाराचा रंग खरा वाटत होता. ऊन वर आल्यावर भिंतीचा. रामनगरची बस आली तरी माझं ठरलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात गणेशगुडीकडं काम आहे, असं मी कंडक्टरला उगाचच सांगितलं.